प्रतिसाद: ३०७ मधली निर्दोष मुक्तता आणि सरकारचं अपील

खुनाच्या प्रयत्नाच्या (कलम ३०७) खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, त्यावर एकाने म्हटलंय की जखम साधी होती, म्हणून सरकारचं अपील टिकणार नाही. हे तितकं सरळ नाही. दंड संहितेचं कलम ३०७ (आता भारतीय न्याय संहितेचं १०९) जखमेपेक्षा हेतू पाहतं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील (१९८३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जीव जाईल अशीच जखम झालेली असली पाहिजे असं नाही. हत्यार कोणतं, वार कुठे, किती जोराने, हे बघायचं.

खरी अडचण दुसरीकडे आहे. सेशन्स कोर्टाच्या निकालाविरुद्ध अपील करायला सरकारला आधी हायकोर्टाची परवानगी लागते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४१९). मुदत ९० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. फाइल टेबलांवर फिरत राहून मुदत उलटली की उशीरमाफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि 'प्रशासकीय विलंब' एवढ्याच कारणाने तो मंजूर होईल या भरवशावर राहू नये.

परवानगी मिळाली तरी सर्वोच्च न्यायालयाचा चंद्रप्पा निकाल (२००७) आडवा येतोच: पुराव्यातून दोन निष्कर्ष शक्य असतील आणि खालच्या कोर्टाचा पटण्यासारखा असेल, तर हायकोर्ट हात लावत नाही. त्यामुळे अपिलाच्या मेमोत 'निकाल चुकीचा' लिहून भागत नाही. जखमी साक्षीदाराच्या जबानीचा कोणता भाग कोर्टाने वाचलाच नाही, ते पानासकट दाखवा. जप्त केलेलं हत्यार, समजा कोयता, साक्षीच्या वेळी डॉक्टरांना दाखवलंच नसेल, तर ती उणीव अपिलात भरून काढणं फार अवघड.

जखमी व्यक्तीला स्वतःचं अपील करता येतं (जुनं ३७२, आता ४१३), तेही परवानगीशिवाय. सरकारची वाट बघत बसू नका.