तिसरा मजला, टूबीएचके आणि पोरीला हस्की हवाय. कुठलं कुत्रं घेऊ?

पावशेर_भजी:
नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे, आधीचे धागे वाचले पण दहाव्या प्रतिसादापासून सगळीकडे भांडणच चालू होतं म्हणून नवीन काढतोय, सांभाळून घ्या. आम्ही सिंहगड रोडला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण आठवड्यातून एकदा तरी रुसतेच. घरात मी, बायको (दोघंही नोकरी, मी तीन दिवस घरून), मुलगी ९ वर्षांची आणि आई ७१, तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवाय, रील्स बघून बघून. बायको म्हणते बीगल घेऊ, छोटं असतं. मला लॅब, म्हणजे लॅब्राडोर, आवडतो. आईचं म्हणणं एवढंच, "काय आणायचं ते आणा, मी शी काढणार नाही." गावी कुत्रं होतं आमच्याकडे, पण ते अंगणात असायचं, भाकरी खायचं, त्याला ब्रीड कोणी विचारलं नाही. म्हणजे अनुभव असून नसल्यासारखा. चांगलं काय ते ब्रीडर सांगतोच हो, तुम्ही डोक्याला ताप काय होतो ते सांगा.

दोन_लॅबचा_बाप:
लॅबच घ्या म्हणेन, पण आधी ऐका. माझ्याकडे दोन आहेत, ७ वर्षांची मादी आणि ३ वर्षांचा नर. लॅब म्हणजे कुणाशीही गट्टी, पोरं अंगावर लोळली तरी हूं नाही की चूं नाही, चोर आला तर त्याला चप्पल आणून देईल. शिकतो पण पटकन. आता तो शिकतो कशासाठी, तर खाण्यासाठी. ही थट्टा नाही बरं का, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की चारातल्या साधारण एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, त्यामुळे ते कुत्रं खाण्यामागे जास्त लागतं. आणि मजा म्हणजे माणसांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅबमध्ये हेच प्रमाण पाऊण हिश्श्यापर्यंत निघालं. म्हणजे ज्या हावरटपणामुळे तो बिस्किटासाठी काहीही शिकतो, त्याच हावरटपणामुळे आमच्या बाईसाहेबांनी गेल्या गणपतीत नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक खाल्ले, केळीच्या पानासकट. आरतीला आम्ही सगळे डोळे मिटून उभे आणि मागे चपचप चपचप. सारणात बेदाणे घालत नाही म्हणून वाचलो, द्राक्षं-बेदाणे कुत्र्याला विष आहेत हे लिहून ठेवा कुठेतरी.

दुसरं म्हणजे वजन. मादी ३८ किलोवर गेली होती, डॉक्टरांनी झापलं, आता ३१ वर आणलीय, वाटीने मोजून खाणं देतो आणि ती माझ्याकडे सावत्र बापाकडे बघावं तशी बघते. लॅबला खुब्याचा त्रास मुळातच असतो, त्यात वजन वाढलं की जिना चढवत नाही. तुमची लिफ्ट रुसली की तीस किलोचं पोतं तीन मजले कोण उचलणार ते आत्ताच ठरवा. केसांबद्दल काही बोलत नाही, आमच्या वरणात सापडतात. आणि आईंचं गुडघ्याचं म्हणालात म्हणून, लॅब दोन वर्षांचा होईपर्यंत वासरू असतं, प्रेमाने अंगावर येतं आणि समोरचा माणूस खाली बसतो. मोठं झालेलं, शांत, कुणाला ठेवायला जमत नाही म्हणून देतायत असं ४-५ वर्षांचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

एडिसनकर:
बीगलवाल्या वहिनींसाठी. कुत्रं छोटं आहे, आवाज छोटा नाही. सशाच्या वासावर झुंडीने पळायचं आणि मागून येणाऱ्या माणसांना कळावं म्हणून ओरडत राहायचं, ह्याच कामासाठी ते शेकडो वर्षं पैदा केलंय. ते भुंकत नाही, हंबरल्यासारखं लांबलचक ओरडतं. आमच्याकडे न्यू जर्सीत निदान स्वतंत्र घर आहे, तरी शेजारचे आजोबा कुंपणावरून बघतात.

नाक मात्र अफाट. इथल्या शेतकी खात्याने १९८४ पासून विमानतळावर बीगल लावलेत, बॅगेतली फळं, मांस वगैरे हुंगायला. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हिरवं जाकीट घातलेलं एक बीगल येऊन त्यांच्या पर्सशेजारी शिस्तीत बसलं, ह्यांना वाटलं आवडलो आपण त्याला, म्हणून "आलं गं माझं सोनं" करून त्याच्याशी बोलायला लागल्या. विमानात मिळालेलं सफरचंद निघालं पर्समधून. तर मुद्दा असा की ते नाक बंद करायचं बटण नसतं. आमचा बंड्या एकदा वासाला लागला की त्याला स्वतःचं नाव ऐकू येत नाही, बिस्किट दाखवा, ओरडा, काही उपयोग नाही. पट्टा सोडून फिरवायचं विसरा. आणि झुंडीतलं कुत्रं असल्यामुळे एकटं राहवत नाही. तुम्ही दोघं ऑफिसला गेलात आणि आई दुपारी झोपल्या की सोसायटीत मैफल सुरू. लाड करून घेण्यात मात्र त्याचा हात कुणी धरू शकत नाही, रात्री माझ्या पायावर अंग टाकून झोपतो, पाय बधिर होतो तरी मी हलत नाही.

उगाच_एक:
दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यात एक तरी हस्की आहे का? गावठी घ्या आणि सुखी व्हा.

काउंटरवरची:
मी व्हेटकडे काउंटरला असते, डॉक्टर नाही, पण सात वर्षं रोज बघतेय म्हणून लिहिते. हस्कीचं आधी. सैबेरियातल्या चुकची लोकांचं गाडी ओढणारं कुत्रं ते. १९२५ साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी साडेपाच दिवसांत हजार किलोमीटरवर औषध पोचवलं, ती ही जातकुळी. आता असलं कुत्रं तुम्ही दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये फिरवणार, तर उरलेली ताकद ते कुठे काढणार? सोफ्यावर. आमच्याकडे एका हस्कीने आख्ख्या सोफ्याचा फोम काढलेला, त्यातला थोडा गिळलेला, तो फोटो मालकांनी भिंतीवर लावायला दिलाय. अंगावर दोन थर केस असतात आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात चाळीस होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच गार व्हायचं. लोक म्हणतात एसी लावतो, मग लाइट गेली की फोन येतो आम्हाला. आणि टक्कल करून आणू नका कृपया, ते केस उन्हापासून पण वाचवतात. हस्की दिसायला देखणा, माणसाळलेला, पोरांशी छान, राखणीला शून्य. त्याची चूक काही नाही, त्याला चुकीच्या गावात आणलाय.

तुम्ही विचारलं नाही पण पगबद्दल सांगते कारण "फ्लॅटसाठी छोटं" म्हटलं की ब्रीडर तेच गळ्यात मारतो. २००३ च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर सगळ्यांना पग हवा होता. स्वभावाने लाख माणूस, म्हणजे लाख कुत्रा. पण नाक आत दाबलेलं त्यामुळे श्वासाचा मार्गच अरुंद, घोरतो ते गोंडस नाही, हवा अडकतेय त्याची. उन्हाळ्यात दुपारी दमलेला पग आणला की डॉक्टर हातातलं काम टाकून उठतात. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसाव्या लागतात नाहीतर वास मारतो, आणि डोळे बाहेर आलेले म्हणून जखमा. फ्रेंच बुलडॉग म्हणाल तर बहुतेक पिल्लं सिझेरियननेच होतात, बाकी समजून घ्या.

आणखी एक, कुठलंही घ्या पण आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या नियमाप्रमाणे ब्रीडरला विकताच येत नाही तरी तीस-पस्तीस दिवसांची आणून देतात, आईपासून लवकर तोडलेली पिल्लं चावरी होतात. आईला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "आई फार्महाऊसवर आहे" म्हणाला की उठून या.

@उगाच_एक, गावठी मलाही आवडतात, माझ्याकडे आहे. अंगाने दणकट, डोकं तल्लख, कमी खातं. पण "सुखी व्हा" म्हणणं सोपं आहे, ते कुत्रं आपला इलाका राखतं, जिन्यात नवीन माणूस आला की भुंकणार, दिवाळीत पलंगाखाली चार दिवस. आणि गोचीड गावठी-विलायती बघत नाही, गोचीड ताप सगळ्यांना होतो.

चिंगीची_मावशी:
आमच्या वाड्यात पूर्वी सगळ्यांकडे पामेरियन असायचं, आता कळलं की ते पामेरियन नव्हतंच, इंडियन स्पिट्झ. आमची चिंगी १६ वर्षं जगली, दूध-पोळीवर. बेल वाजली की भुंकायची, बेल वाजणार असं वाटलं की भुंकायची, टीव्हीतली बेल वाजली तरी भुंकायची. तेवढं सोडलं तर गुणाची. हल्ली कुणी विचारत नाही हो त्यांना.

माणदेशी_गडी:
सगळं वाचलं. आमच्याकडच्या कुत्र्याचं कुणी नाव काढलं न्हाई म्हणून लिहितो. आटपाडीकडचा आहे, घरी कारवानी आहेत, आजोबांच्या आधीपासून. तिकडं कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे, त्यांनी ही जात जपली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली होती. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलं, पुढं लष्करानं पण नेलं ट्रेनिंगला. तिकिटावर आलं तवा आमच्या गावात कुणाला पत्ता न्हाई, कुत्रं आपलं बांधावर बसलेलं.

कारवानी नजरेवर शिकार करणारं. वासाचं नाद न्हाई एवढा, लांबवर काय हललं की झालं. बसलेलं असतंय तवा वाटतं म्हातारं हाय, मान टाकून. आणि सशाचा कान हलला की तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत दोन शेतं पार. पळताना चारी पाय एकदम जमिनीच्या वर असतात, बघायला डोळं पुरत न्हाईत. आता ससा धरणं गुन्हा आहे, १९७२ चा कायदा आहे, त्यामुळं आमची पहाटे डांबरीवर मोटारसायकलमागं पळतात. पण रानाच्या कडंला दोरी सोडली की आमच्या हातात काय राहत न्हाई. मांजर, कोंबडी, शेजारचं बोकड, सगळं त्याला ससाच.

स्वभाव म्हणाल तर मानी. लॅबसारखं गळ्यात पडणार न्हाई. पाहुण्यानं हात लावलेला खपत न्हाई, चावत न्हाई पण उठून जातं, आपलाच अपमान झाल्यासारखा वाटतो. मारलं तर आठ दिवस तोंड फिरवून बसतं. माझ्या भावानं एकदा पायताण मारलं, त्याच्या हातची भाकरी पुढं महिनाभर खाल्ली न्हाई. घरातल्या एकाच माणसाला धरून असतं. केस बारीक, वास न्हाई, भुंकणं कमी, आजारपण कमी, उन्हाची फिकीर न्हाई. पण थंडीत कुडकुडतं, अंगावर चरबीच न्हाई, आईच्या जुन्या लुगड्याची झूल घालतो. बरगड्या दिसतात, त्या दिसायलाच पाहिजेत, तरी पुण्यात भाच्याकडं एक दिलंय तिथं सोसायटीतल्या बाईनं तक्रार केली की कुत्र्याला उपाशी ठेवतात. भाचा रोज सहा किलोमीटर पळवतो त्याला. न्हाई पळवलं तर फ्लॅटमधी ठेवू नका, त्याचा तुरुंग होईल. लोक फोन करून विचारतात "देशी आहे, मेंटेनन्स नाही ना", तेंव्हा मी पिल्लू देत न्हाई.

पावशेर_भजी:
बाप रे, एवढं कोणी समोरासमोर सांगितलं नसतं. धन्यवाद सगळ्यांना. कारवानीबद्दल वाचून मलाच घ्यावंसं वाटायला लागलं आणि मग सहा किलोमीटर वाचलं. हस्कीचं मुलीला वाचून दाखवलं, ती रडली नाही पण म्हणाली, मग त्यांना इथे आणतात कशाला, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसमधला एकजण डॉबरमन घे म्हणतोय, राखणीला. कुणाचा अनुभव?

दोन_लॅबचा_बाप:
तिसऱ्या मजल्यावर राखण कशाची करणार, आईंच्या लोणच्याची? डॉबरमन हा जर्मनीतल्या डोबरमन नावाच्या कर वसूल करणाऱ्या माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केला, म्हणजे वसुलीवाल्याचं कुत्रं. हुशार आहे, घरच्यांना चिकटून असतो, पण सतत काम लागतं आणि पहिलं कुत्रं म्हणून नको. रॉटवायलरचं पण तेच. २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं त्यात तो होता, कर्नाटक हायकोर्टाने महिन्याभरात रद्द केलं ते, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते परिपत्रक अजून फिरतं.

आता माझं ऐका. ब्रीड नंतर ठरवा. उद्यापासून पंधरा दिवस, कुत्र्याशिवाय, रोज सकाळी साडेपाचला उठायचं, हातात रिकामी पिशवी घेऊन पाऊण तास चालून यायचं, रात्री साडेनऊला परत अर्धा तास. घरातल्या ज्या माणसाला कुत्रं हवंय त्या प्रत्येकाने. पंधराव्या दिवशी इथे लिहा, मग सांगतो काय घ्यायचं. माझ्या ओळखीत एक साडेचार वर्षांची लॅब मादी आहे, मालक परदेशी चाललेत. पण आधी पंधरा दिवस.

पावशेर_भजी:
सुरू केलं. पहिले तीन दिवस मी आणि मुलगी. चौथ्या दिवशी तिची परीक्षा म्हणून मी एकटाच, वॉचमनने विचारलं, साहेब पिशवीत काय आहे. काल पाऊस होता म्हणून नाही गेलो.

काउंटरवरची:
कुत्र्याला पावसात पण शू लागते.

पावशेर_भजी:
आई पण अगदी हेच म्हणाली. पुन्हा एकपासून मोजतोय.