जुन्या हत्यारांवरचे छाप ओळखायला मदत हवी (कोल्हापूर)

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. मामांचं उद्यमनगरातलं जुनं वर्कशॉप आवरतोय. एका लोखंडी पेटीत सुतारकामाची आणि फिटरची हत्यारं निघाली. विकायची नाहीत, पण कुठली, कधीची ते नीट लिहून ठेवायचंय. तीन छाप असे:
लोखंडी रंध्याच्या पात्यावर 'स्टॅन्ले' आणि खाली बदामात 'एस डब्ल्यू'.
पटाशीवर तीन पानांची खूण, 'कास्ट स्टील', 'शेफील्ड'. नाव गंजात गेलंय.
पान्यावर नुसतं 'एम अँड एस एम आर'. या नावाची हत्यारांची कंपनी कुठंच सापडेना.
गंज बराच आहे. बफ मारून घेऊ का?

पटाशीवाला
बफ अजिबात मारू नका, ग्राइंडर तर लांबच ठेवा. छाप जेमतेम केसभर खोल असतो, एकदा उडाला की संपलं. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा (नाही मिळालं तर डिझेल), मग जुन्या टूथब्रशनं घासा. कोरडं झालं की खडूची पूड चोळून वरची पुसा, अक्षरात राहते ती वाचता येते. तरी कळेना तर नाण्यावर घासतो तसा पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. फोटो काढताना उजेड एका बाजूनं, अगदी आडवा पडू दे. हे सगळं करण्याआधीचाही एक फोटो ठेवा.
तीन पानं म्हणजे शॅमरॉक. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या विल्यम मार्पल्स या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीची ती खूण. पण नुसत्या पानांवरून नक्की ठरवू नका, नावाची दोन-तीन अक्षरं तरी मिळू देत. आणि 'कास्ट स्टील' म्हणजे बीड (ओतीव लोखंड) नव्हे, मुशीत वितळवलेलं पोलाद. धार फार सुंदर धरतं, मी रोज वापरतो.

मिरजलाईन
पान्यावरचं नाव बनवणाऱ्याचं नाही, मालकाचं आहे! मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ ला झाली आणि १९५१ ला दक्षिण रेल्वेत गेली, म्हणजे पाना बहुधा त्या मधल्या काळातला. आपली मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, संस्थानाची. पण पुढं चालवायला याच कंपनीकडं होती. त्यामुळं असा पाना कोल्हापुरात निघणं अगदी बरोबर आहे. फार आनंद झाला वाचून. बनवणाऱ्याचं नाव दांड्याच्या दुसऱ्या बाजूला किंवा जबड्याजवळ बघा. तोंडाशी अपूर्णांक आणि 'डब्ल्यू' असेल तर व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश इंचांतलं माप; तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे.
ब्रिटिश पेटंट नंबर दिसला तर सोनं. १९१६ पासून ते १००००१ पासून सलग चालू झाले, वर्ष लगेच काढता येतं. त्याआधी दरवर्षी एकपासून मोजत, म्हणून वर्ष सोबत असल्याशिवाय उपयोग नाही.

रंधा_आणि_भुसा
बदामाचा छाप अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीचा 'स्वीटहार्ट', साधारण १९२० ते १९३५. एस डब्ल्यू म्हणजे स्टॅन्ले वर्क्स, आणि बदाम त्यांचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून. पण दादा, पातं सोडा, रंध्याच्या अंगावर काय लिहिलंय?

उद्यमनगरकर
खूप आभार सगळ्यांचे. रॉकेलनं काम झालं. पटाशीवर 'एम ए आर पी' स्पष्ट दिसतंय, पुढचं झिजलंय. पान्याच्या मागं अजून काही दिसेना. रंध्याच्या अंगावर 'मेड इन इंग्लंड' आहे.

रंधा_आणि_भुसा
मग पातं आणि रंधा वेगवेगळे आहेत. स्टॅन्लेनं शेफील्डचा चॅपमनचा कारखाना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतला, इंग्लंडचे रंधे त्यानंतरचे. पातं त्याच्या आधीचं, अमेरिकन. कुणीतरी चांगलं पातं जपून नव्या रंध्यात बसवलं असणार. वहीत दोन वेगळ्या नोंदी करा, आणि पातं काढून कुणाला देऊ नका.

पटाशीवाला
एम ए आर पी म्हणजे मार्पल्सच. पुढं देशी हत्यारं निघाली आणि चित्राचा छाप असेल, तर भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर वर्ग ८ मध्ये शोधा. हातानं वापरायची हत्यारं त्यात येतात. आपल्याकडं पहिला कायदाच १९४० चा, त्यामुळं त्याआधीचं तिथं शोधत बसू नका. पान्याचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, बघू.