सातबाऱ्यावरून पणजोबांच्या मागे कसे जावे?

शोधयात्री

वर्षभरापासून मी आमच्या घराण्याची वंशावळ लिहून काढत आहे. पणजोबांपर्यंतची नावे घरात सर्वांना ठाऊक आहेत, त्यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही. आमचे गाव पश्चिम महाराष्ट्रातले आहे. तेथील शेतीचा जुना सातबारा काढला, तेव्हा पणजोबांच्या आधी '…बाई कोम …जी' अशी एका स्त्रीची नोंद आढळली (नावे येथे देत नाही). पणजोबांच्या वडिलांचे म्हणून घरात सांगितले जाणारे नाव त्या '…जी'शी जुळत नाही. शिवाय आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे, तर घरातल्या आठवणींनुसार त्यांचा जन्म दिवाळीच्या सुमाराचा. पुढे कोणते कागद पाहावेत?

निवृत्त अव्वल कारकून

'कोम' म्हणजे पत्नी आणि 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे मुलगा, एवढे लक्षात ठेवले तर जुन्या नोंदींतील निम्मी नाती उलगडतात. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक होत. सर्वांत जुना आकडा टिपून घ्यावा आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, यातील त्या क्रमांकाच्या नकलेसाठी अर्ज करावा; काही तालुक्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन केलेलेही सापडतात. सातबारा केवळ नाव सांगतो, फेरफार मात्र ते नाव का लागले याचे कारण सांगतो: खरेदी, वाटणी, मयताचे वारस किंवा दत्तक. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून लागलेली आहे, एकटी मालक म्हणून नव्हे, हे विसरू नये.

नाव अचानक नाहीसे झाले म्हणून ती व्यक्ती त्या वर्षी वारली असे मानू नये. १९४८च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरल्यानंतर अनेक जमिनी त्या कसणाऱ्या कुळांच्या नावे झाल्या आणि मूळ मालक हयात असूनही नोंदीतून गेले. माझ्या नोकरीच्या काळात या एका समजुतीने चुकलेल्या वंशावळी मी कित्येक पाहिल्या.

मोडीवाचक

आपल्या प्रश्नातील न जुळणारे नाव हीच मला सर्वांत मोलाची खूण वाटते. पतीच्या निधनानंतर विधवेचे नाव लागले असेल आणि पुढच्या फेरफारात आपले पणजोबा आले असतील, तर दत्तकाची शक्यता तपासावी; मुंबई इलाख्यात विधवेला पतीच्या पूर्वपरवानगीशिवायही दत्तक घेता येत असे. तसे असल्यास घरात सांगितले जाणारे नाव जन्मदात्या वडिलांचे आणि कागदावरचे दत्तक वडिलांचे असू शकते, आणि दोन्ही खरी ठरतात. दत्तकपत्र नोंदवलेले असेल तर ते दुय्यम निबंधक कार्यालयात शोधावे.

जन्मतारखेबाबत म्हणाल, तर १ जून ही बहुतेक वेळा शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेली तारीख असते. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि त्या बऱ्याचदा मोडीत आहेत. त्यात बाळाचे नाव नसते, बापाचे असते. त्यामुळे मुलाच्या नावाने शोधणारा हात हलवत परततो.

मराठवाड्यातील वाचक

पुढे कोणी आमच्या भागातल्या नोंदी शोधत येईल, म्हणून लिहितो. येथील जुने महसुली कागद हैदराबाद संस्थानाच्या काळातले असल्याने बरेचसे उर्दूत आहेत आणि त्यांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठीची जुनी कालगणना, असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. शके असेल तर ७८ मिळवावेत.

शोधयात्री

फेरफाराची नक्कल काल हाती आली. शेऱ्यात 'दत्तक' असा शब्द स्पष्ट आहे आणि त्याखाली जन्मदात्या वडिलांचे, घरात सांगितले जाणारेच नाव दिले आहे. आता दोन घराण्यांच्या शाखा काढायच्या असल्याने कागद कमी पडू लागला आहे. मोडीवाचक, नमुना १४ची पाने मिळाली की आपल्याकडे पाठवली तर चालेल का?