म्हाडाच्या सोसायटीत रीसेल फ्लॅट घेतोय, लीज डीडमधल्या अटींचा अर्थ काय लावायचा?

घाटकोपरकर
नमस्कार मंडळी. पंतनगरला म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये रीसेलचा वन रूम किचन बघितलाय, आईला आणि बायकोला दोघींनाही पसंत आहे, मुलीची शाळा तिथूनच जवळ, त्यामुळे मनाने जवळपास ठरलंच आहे. टोकन अजून दिलेलं नाही. बिल्डिंग सोसायटीची पण जमीन म्हाडाची लीजवर हे आत्ता कळलं, म्हणून सेक्रेटरींकडून लीज डीडची झेरॉक्स मागून घेतली आणि वाचायला बसलो तर डोकं गरगरायला लागलं. एक तर लिहिलंय की म्हाडाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण करायचं नाही. पुढे लिहिलंय की अटी मोडल्या तर म्हाडा जागेत परत शिरून ताबा घेऊ शकते, हे वाचून आईची तर झोपच उडाली. आणि बांधकामात काही वाढवायचं नाही असंही आहे, पण या घरमालकाने गॅलरी आत घेऊन हॉल मोठा केलाय. एजंट म्हणतो म्हाडात सगळीकडे असंच असतं, तुम्ही शेअर सर्टिफिकेट बघा आणि पुढे चला. लीज 30 वर्षांची आहे, डीड 2001 ला रजिस्टर झालंय म्हणजे 2031 पर्यंत तरी काळजी नाही ना?

टिळकनगरची ताई
दादा, डीड मागून वाचलंत हे फार बरं केलंत, लोक हे न बघता लाखो रुपये देऊन बसतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे मी, त्यामुळे हे कागद हाताळलेत. आधी एक लक्षात घ्या की म्हाडाने जमीन भाड्याने दिलीय ती सोसायटीला, फ्लॅटमालकाला नाही. इमारत सेल डीडने सोसायटीला विकलेली असते आणि जमीन लीज डीडने, असे दोन वेगळे कागद. तुम्हाला मिळणार ते सोसायटीचं सभासदत्व आणि त्या फ्लॅटचा हक्क. म्हणजे सोसायटीने जमिनीचं भाडं थकवलं, किंवा दुसऱ्याच कुणी घरात नियमाबाहेरचं काही केलं, तरी नोटीस सोसायटीच्या नावाने येणार आणि भार सगळ्यांवर पडणार. म्हणून फक्त त्या घराचे ड्यूज क्लिअर आहेत हे पुरत नाही, सोसायटीकडून लेखी घ्या की लीज रेंट आणि म्हाडाचं सेवाशुल्क कुठपर्यंत भरलंय.

ताबा परत घेण्याची अट बहुतेक सगळ्याच भाडेपट्ट्यांत असते हो, आईंना सांगा उद्या कोणी येऊन कुलूप लावत नाही.

गॅलरीचं मात्र नीट बघा. म्हाडा वसाहतींची रीडेव्हलपमेंट मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(5) या नियमाखाली होते, त्यात मूळ घराच्या कार्पेट एरियावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) 35 टक्के जास्त आणि कमीत कमी 35 चौरस मीटर असा हिशोब असतो, आत घेतलेली गॅलरी त्या मूळ क्षेत्रात धरत नाहीत. त्यामुळे एजंट जो एरिया सांगतोय तो म्हाडाच्या अलॉटमेंट लेटरशी ताडून बघा आणि भाव त्या एरियावर करा.

कोर्टाची पायरी
ताईंचं बरोबर आहे, फक्त हस्तांतरणाच्या अटीला हलकं घेऊ नका असं माझं म्हणणं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 मध्ये कलम 114 आहे, भाडं थकल्यामुळे लीज जात असेल तर थकबाकी, व्याज आणि खर्च भरून कोर्टाकडून दिलासा मिळू शकतो. इतर अटींसाठी 114अ आहे, त्यात आधी नोटीस देऊन चूक दुरुस्त करायची संधी द्यावी लागते, पण परवानगीशिवाय हस्तांतरण करू नये या अटीला ती सोय लागू नाही. म्हणून एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आधी, पूर्ण पैसे नंतर. अॅग्रीमेंटमध्येच घाला की म्हाडाची आणि सोसायटीची एनओसी आणायची जबाबदारी विकणाऱ्याची आणि ट्रान्सफर फीसुद्धा कोण भरणार ते. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते ट्रान्सफर प्रीमियम मुंबईत 25,000 च्या वर घेता येत नाही, वर ऐच्छिक देणगी म्हणून मागतात ती देणं बंधनकारक नाही.

आणि चेन बघा, म्हणजे पहिल्या मालकापासून आजपर्यंत घर कोणाकडून कोणाकडे गेलं ते. जुन्या म्हाडा घरांत नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर (मुखत्यारपत्रावर) दोनतीनदा घर फिरलेलं असतं आणि म्हाडाच्या रेकॉर्डला अजून पहिल्याच माणसाचं नाव. नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्पच्या केसमध्ये 2011 ला स्पष्ट केलंय. कलानगरला गृहनिर्माण भवनात म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकांच्या ऑफिसात त्या घरावर कोणाचं नाव आहे ते लेखी विचारा.

एक विचारू का, 30 वर्षं नक्की कुठल्या तारखेपासून लिहिलीत? रजिस्ट्रेशनची तारीख आणि लीज सुरू झाल्याची तारीख बऱ्याचदा वेगळी असते.

घाटकोपरकर
आत्ता परत काढून बघितलं. डीड 2001 चं आहे पण आत लिहिलंय 1 एप्रिल 1990 पासून 30 वर्षं. म्हणजे 2020 लाच संपली?? सेक्रेटरींना फोन केला, ते म्हणाले रिन्यूअलचं बघतोय, अर्ज केलाय का ते मात्र सांगितलं नाही.

कोर्टाची पायरी
मग आधी हेच सोडवा. लीज संपली म्हणजे घर गेलं असं नाही, सोसायटी ताब्यात आहे, रिन्यूअल होऊ शकतं, पण नवं भाडं आणि मागचा फरक कोण भरणार हा प्रश्न उरतो, आणि बँकही लोन देताना उरलेली मुदत बघते. रिन्यूअल अर्जाची पोचपावती मागा. 2020 पासूनचा जो काही फरक निघेल त्यातला या घराचा वाटा आजच्या मालकाने भरायचा हे अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि त्यासाठी थोडी रक्कम रिन्यूअल होईपर्यंत राखून ठेवा.

टिळकनगरची ताई
आणि बँकेत आत्ताच डीड दाखवा, टोकन देण्याआधी. एकट्या वहिनींच्या नावावर घेत असाल तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट मिळते, तेही आधीच ठरवा, नंतर नाव जोडणं कटकटीचं होतं.

घाटकोपरकर
मालकाला सांगितलं की पोचपावती आणि म्हाडाच्या रेकॉर्डचा कागद दाखवा मगच टोकन. थोडे चिडले, पण नाही म्हणाले नाहीत. सोमवारी बँकेत जातोय.