तुर्की विभक्त्या आणि मालकीचे प्रत्यय: सुरुवात कुठून करू?

रानजाई: मालिका बघून खूळ लागलं, आता अ‍ॅपवर तुर्की शिकतेय. नामाला प्रत्यय लागले की गाडं अडतं. 'एव' म्हणजे घर. मग 'एवि' हे कर्म झालेलं घर की 'त्याचं घर'? 'एविन' म्हणजे 'घराचं' की 'तुझं घर'? 'एविन्दे'पुढे तर हात टेकले. तक्ते पाठ करू का?

पेन्शनर_काका: करा की. आम्ही शाळेत 'स, ला, ते' घोकलंच ना!

उंबरठा: काका, घोकून आपण मराठी बोलायला शिकलो नाही :)

रानजाई, आधी 'एव' सोडून द्या. व्यंजनान्त शब्दात ही रूपं एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी 'आन्ने' (आई) घ्या. आन्नेम माझी आई, आन्नेन तुझी, आन्नेसि त्याची किंवा तिची. कर्म असेल तर आन्नेयि. मालकीला 'स', कर्माला 'य', घोटाळा संपला. आता 'दे' (मध्ये, -जवळ) लावा: आन्नेन्दे तुझ्या आईकडे, आन्नेसिन्दे त्याच्या आईकडे. तिसऱ्या पुरुषाच्या मालकीनंतर विभक्ती आली की मध्ये 'न' घुसतो. म्हणून 'एविन्दे'चे 'तुझ्या घरात' आणि 'त्याच्या घरात' हे दोन्ही अर्थ खरेच होतात. गरज पडली तर आधी सेनिन (तुझ्या) किंवा ओनुन (त्याच्या) लावतात.

क्रम पक्का: अनेकवचन, मालकी, विभक्ती. एव-लेर-इमिझ-देन, आमच्या घरांतून.

आपलं माझा-माझी-माझं वस्तूच्या लिंगावर ठरतं. तुर्कीत लिंगच नाही. प्रत्यय मालक कोण एवढंच सांगतो.

रानजाई: वा! मग आली नावाच्या माणसाचं, 'आलीचं घर' म्हणजे 'आलीनिन एव' का?

उंबरठा: नाही, 'आलीनिन एवि'. मालकालाही प्रत्यय, घरालाही. आपण मराठीवाले दुसरा हमखास गाळतो.

तिरपागडं: कर्माचा प्रत्ययही दरवेळी लागत नाही हं. 'गाझेते ओकुदुम' म्हणजे पेपर वाचला, कुठला का असेना. 'गाझेतेयि ओकुदुम' म्हणजे तो ठरावीक पेपर. शिवाय क्रियापद शिकताना त्याची विभक्ती सोबतच लिहून ठेवा: बाक्माक (बघणे) 'च्या दिशेने' अर्थाची घेतं (वरची 'दे' नव्हे), कोर्क्माक (घाबरणे) 'पासून'वाली. रूपं तपासायला इंग्रजी विक्शनरी (ऑनलाइन शब्दकोश) बघा, तिथे बऱ्याच तुर्की नामांखाली मालकीसकट तक्ता असतो.

पेन्शनर_काका: म्हणजे तक्ता लागतोच!

उंबरठा: बघायला, काका. घोकायला नाही.