अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा ट्रक चालवताना

प्रश्न: बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा ट्रकचालक म्हणून रुजू होत आहे. परवाना चालू आहे, परंतु ट्रेलर मागे घेताना हात पूर्वीसारखा बसेल का, याची धास्ती वाटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: पहिल्या काही फेऱ्या अनुभवी चालकासोबत मिळाव्यात अशी मागणी करा, त्यात कमीपणा मुळीच नाही. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते, हे डोक्याला आठवत असले तरी हातांना पुन्हा शिकवावे लागते, म्हणून मोकळ्या मैदानात रिकाम्या ट्रेलरवर सराव करा आणि शंका येताच खाली उतरून मागे पाहा.

उत्तर २: अनेक नव्या ट्रकांत क्लचचे पेडल नसते आणि डीईएफची, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते. तो द्रव डिझेलच्या टाकीत जाऊ देऊ नका.

उत्तर ३: माझ्या मते खरी परीक्षा उताराची. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका व इंजिन ब्रेकवर वेग राखा, कारण ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ड्रम तापून पकड कमी होते. निघण्यापूर्वी इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा उतरतच राहिला, तर कुठेतरी गळती आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नये.