'रिंग रिंग' सोडून पुढे जाऊ नका
कुणीतरी लिहिलंय की ॲबा हा चौघांचा स्वीडिश पॉप ग्रुप ऐकायचा तर 'वॉटर्लू' या दुसऱ्या अल्बमपासून, १९७३ चा पहिला अल्बम 'रिंग रिंग' सोडला तरी चालेल. अजिबात नाही! तेव्हा ॲबा हे नावही नव्हतं, कव्हरवर चौघांची नावंच होती, आणि गाणी जरा विस्कळीत आहेत हे मान्य, पण त्यातलं 'डिसइल्यूजन' ऐका ना, चौघांपैकी एक गायिका अग्नेथाने स्वतः चाल दिलेलं ॲबाच्या अल्बम्समधलं ते एकमेव गाणं, आणि काय जीव ओतून गायलीय ती! मग 'रिंग रिंग' हे गाणं हेडफोन लावून ऐका, साउंड इंजिनिअर मायकल ट्रेटोने तीच वाद्यं आधीच्या रेकॉर्डिंगवर पुन्हा रेकॉर्ड करताना टेपचा स्पीड किंचित बदलला, त्यामुळे तो भरगच्च आवाज आला, जो पुढे त्यांची ओळखच झाला. याच अल्बममधलं 'पीपल नीड लव्ह' मात्र मला अजून तितकंसं आवडत नाही.